कुऱ्हाड चालते, झाड पडत नाही

माझ्या नवऱ्याचे कान तिखट होते. मी हे कौतुकाने लिहीत नाही, पण त्या काळी सगळे कौतुकानेच म्हणायचे. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलात हे फॉरेस्ट गार्ड होते. (नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आता लिहितानाही हाताला ते वळण नाही, म्हणून इथेही 'हे'च.) गार्डाच्या नोकरीत डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाचे. साग दाट, पानं सुपाएवढी, पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही. म्हणून आपल्या बीटवर, म्हणजे राखायला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात गेलं की गार्डाने आधी एखाद्या दगडावर बसायचं, तंबाखू मळायची आणि गप्प राहून कान द्यायचा. कुठे कुऱ्हाड चालू आहे का ते ऐकायचं. आवाज आला की त्या रोखाने निघायचं. चोर पळाला तरी थूट सापडतं, म्हणजे झाड कापल्यावर जमिनीत राहतो तो बुंधा. थूट बघून हिशेब लागतो. अशा नोकरीत ज्याला जास्त ऐकू येतं तो चांगला गार्ड, यात कुणाला काय खटकणार?

मी चंद्रपूरची. दहावी पास आणि तोंडाची फटकळ. माझी आई म्हणाली, जंगलात दिली ते बरंच झालं, भांडायला माणसं कमी मिळतील. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपराचं क्वार्टर, दोन खोल्या, मागे विहीर. क्वार्टरांच्या लायनीच्या टोकाला सागाचं फर्निचर करणाऱ्या एका मुसलमान कारागिराचं घर होतं. त्याच्या बायकोला मी आपा म्हणायचे. ती नसती तर पहिल्या वर्षीच मी माहेरची बस पकडली असती. हे दिवसभर बीटवर, आणि मला त्या शांततेची इतकी भीती वाटायची की मी भांडी उगाच आपटत बसायचे.

पहिल्या हिवाळ्यात एकदा भरदुपारी जेवता जेवता ह्यांनी हात वर केला. म्हणाले, कुऱ्हाड. मला काही ऐकू आलं नाही, पण मी शहरातली, माझ्या कानाला काय कळतं? ताट तसंच टाकून हे गेले आणि संध्याकाळी सागाच्या ओंडक्यांनी भरलेली बैलगाडी पकडून घेऊन आले. रेंजर साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हापासून तिखट कानाचा गार्ड म्हणून ह्यांचं नाव झालं. मीही चंद्रपूरला गेले की मिरवायचे. तो आवाज खरा होता, हे मुद्दाम सांगते. पुढचं सगळं समजायला इतकं कठीण का गेलं, ते त्यामुळेच.

सुरुवात कधी झाली ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पुढे डॉक्टरने विचारलं तेव्हाही नाही आलं सांगता. ताप चढतो तसं हे चढत नाही. हे आधी गुणगुणायचे, ते थांबलं. युनिफॉर्मला तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करायचे, घडी अशी पडायची की मला हेवा वाटे. ते थांबलं. आंघोळीचं मी आठवण करून द्यायला लागले. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचे आणि दाराकडे बघायचे. कधी एकटेच हसायचे, आणि मी काय झालं विचारलं की तोंड असं बंद व्हायचं, जणू मीच काही वाईट बोलले.

आणि जेवणाचं. एके दिवशी मला म्हणाले, आधी तू जेव. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, मला वाटलं, प्रेम! नवरा म्हणतो आधी तू खा, अशी बाई कोण भाग्याची? मी आपाला जाऊन सांगितलंही लाजत लाजत. महिनाभर मी आधी जेवत होते आणि हे समोर बसून माझ्याकडे बघत होते. नंतर कळलं ते काय बघत होते. अन्नात काही घातलंय का, ते माझ्यावरून पारखत होते. हे कळलं त्या दिवशी मी मोरीत बसून रडले आणि मग रागाने सगळी भाजी गुरांना घातली.

कुऱ्हाडीचा आवाज वाढत गेला. आधी आठवड्यातून कधी, मग रोज. हे धावत जायचे आणि चिखलाने माखून परत यायचे. रेंजर साहेब दोनतीन वेळा सोबत गेले. थूट काही सापडलं नाही. साहेब माणूस भला होता, म्हणाला, तू फार काम करतोस, रजा घे, बायकोला फिरवून आण. इतर गार्ड म्हणाले, चोर हुशार झालेत, थुटावर माती पाला टाकून झाकतात. म्हणजे बघा, प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण जंगलातलंच होतं. रेंज ऑफिसात वायरलेसचा सेट होता, त्यावर आपल्याबद्दल बोलतात असं हे म्हणायला लागले. तेही लोकांना खरं वाटलं, कारण बदल्यांच्या बातम्या त्याच्यावरच यायच्या.

मला कळलं ते श्रावणातल्या एका दुपारी. पाऊस असा की कवेलूवर नगारा वाजत होता, मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं. मी तांदूळ निवडत होते. हे भिंतीला टेकून बसले होते आणि म्हणाले, ऐक, कुऱ्हाड चालून राह्यली. इतके दिवस मी म्हणत आले होते की माझे कान शहरातले. पण त्या पावसात साक्षात रेल्वे गेली असती तरी कुणाला ऐकू आली नसती. आणि माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. झाड पडताना आवाज होतो. सागाचं झाड आधी कडकडतं आणि मग असं कोसळतं की क्वार्टरातली भांडी हलतात. दोन वर्षांत तेवढं मलाही कळायला लागलं होतं. आणि ह्यांनी कुऱ्हाडीचं शंभरदा सांगितलं, पण झाड पडल्याचं एकदाही सांगितलं नव्हतं.

मी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "झाड पडल्याचा आवाज येते का?"

"नाई."

"दिवसभर कुऱ्हाड चालते आन् झाड एकबी पडत नाई?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "ते झाडाले नाई मारून राह्यले."

"मंग कोनाले?"

"मले."

मी उठून दाराला कडी लावली, कशासाठी ते देव जाणे, बाहेर कुणी नव्हतं. हे अगदी शांतपणे बसून होते, आणि प्रत्येक घाव पडल्यासारखा त्यांचा खांदा किंचित हलत होता. तो खांदा मी आधीही हलताना बघितला होता. तेव्हा म्हटलं होतं, थंडी वाजत असेल.

दुसऱ्याच दिवशी मी आलापल्लीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर घाईत होता. म्हणाला, अशक्तपणा आहे, झोप नाही. इंजेक्शन दिलं, लाल टॉनिक दिलं. लायनीतल्या बाया म्हणाल्या, जंगलात काही ओलांडलं असेल, इथल्या पुजाऱ्याला दाखव, कोंबडं लागेल फक्त. आपाने मात्र मला आत बोलावून बसवलं आणि दार लोटून घेतलं. तिचा भाऊ चंद्रपूरला सुतारकाम करायचा. तोही असाच रंधा हातात धरून तासन् तास कुणाचं तरी ऐकत बसायचा. त्यांनी दर्ग्यावर नेलं, ताईत बांधले, एक वर्ष घालवलं. मग नागपूरच्या मेंटल हॉस्पिटलात नेलं आणि आता तो गोळ्या खातो, काम करतो. ती म्हणाली, "बहन, ये बीमारी है. जल्दी ले जा. हमने देर की." मेंटल हॉस्पिटल हा शब्द ऐकून मी तिच्यावर चिडलेच. म्हटलं, माझा नवरा पागल नाही. तिने चहा ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत माझा राग गेला आणि भीती राहिली.

सासऱ्यांना निरोप धाडला. मी त्यांना मामाजी म्हणायचे. कोळशाच्या खाणीत जन्म काढलेला माणूस, बोलणं कमी, हात खरखरीत. छप्पन साली दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडून आले, मागे वळून बघितलं नाही, असं सगळी वस्ती सांगायची. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आणि पुस्तकं. अंगारा, लिंबू, उतारा हे शब्दसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर. मला ते आवडायचं. माझ्या माहेरीही तसंच होतं. म्हणून मला वाटलं, मामाजी येतील आणि एका शब्दात नागपूरची वाट धरतील.

झालं भलतंच. मामाजी आले, मुलासमोर बसले आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. कुऱ्हाड, वायरलेस, ऑफिसातली माणसं, अन्न. आणि मामाजींनी विश्वास ठेवला. शब्दाशब्दावर ठेवला. मला बाहेर बोलावून म्हणाले, "मलेबी खाणीत असंच म्हनत. तुले भास होते, तुह्या मनाचे खेळ हायेत. आन् ते बोलतच होते, बाई. मी ह्या कानानं ऐकलं हाये."

त्यांच्या पाठीमागे लोक बोलायचे, हे खरंच होतं. त्यांच्या डब्याला कुणी हात लावत नसे आणि वर तुझा गैरसमज झाला म्हणत, हेही खरं. आणि आमच्या रेंज ऑफिसात काय वेगळं होतं? तिथे एक बाबू होता. सगळ्यांचे कप एका ट्रेमध्ये यायचे आणि ह्यांचा खिडकीत ठेवलेला असायचा. मी डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा मामाजींनी ठरवून टाकलं. भुतंखेतं नसतात. मग माणसाला आवाज ऐकू येतो तो कुणीतरी बोललेलाच असणार. आपला मुलगा खोटं बोलत नाही. म्हणजे हा छळ आहे, आणि छळाला औषध गोळ्यांचं नसतं, भांडायचं असतं. ते रेंजर साहेबांकडे गेले आणि असे भांडले की साहेब बिचारा हात जोडून उभा राहिला. त्या कपवाल्या बाबूला मात्र बरं झडकावलं, ते ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण घरात ह्यांचं बिघडतच गेलं. आता तर बापाने शिक्का मारला होता. आधी हे कधी कधी मला विचारायचे, खरंच आवाज येते ना? त्या विचारण्यात शंकेला थोडी जागा होती. मामाजी आल्यावर ते विचारणं बंद झालं. मी हॉस्पिटलचं नाव काढलं की मामाजी म्हणायचे, आपल्या पोराले पागल ठरवाचं त्यायले पायजेच हाये, तू त्यायच्या हातात कागद देशील. पुजाऱ्याचं तर बोलायलाच नको. एका बाजूने भूत नाही, दुसऱ्या बाजूने रोग नाही, आणि मधे हे बसलेले, खांदा हलवत.

पोळ्याच्या सुमारास हे सकाळी बीटवर गेले आणि आले नाहीत. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला. गार्ड, आपाचा नवरा, मामाजी, सगळे जंगल धुंडाळत होते. मी घरी बसून फक्त एकच विचार करत होते, नाल्याला पूर आहे. तिसऱ्या दिवशी आतल्या बाजूच्या एका माडिया आदिवासींच्या पाड्यातून निरोप आला की एक फॉरेस्टवाला इथे आहे. ते लोक फॉरेस्टवाल्यांना घाबरून असतात, आणि कशाला नसावं, पण त्यांनी ह्यांना आंबील पाजली होती, पायाला पाला बांधला होता आणि झोपडीत निजवलं होतं. आवाज पुढे पुढे जात होता, म्हणून हे पुढे पुढे जात राहिले. बूट कुठेतरी चिखलात गेले होते. ह्यांना खाटेवर आणलं तेव्हा तळव्यांकडे बघवत नव्हतं.

मी पाय धुतले. मामाजी बाजूला उभे राहून म्हणाले की आता थेट चंद्रपूरच्या मोठ्या साहेबाकडे जायचं, ह्या लोकांनी पोराला मरणाच्या दारात नेलं. आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी पदर कुठे होता ठाऊक नाही.

"मामाजी," मी म्हटलं, "भूत नाई म्हन्ता, ते मले पटते. पन मंग रोग तं हाये म्हना. दोन्ही नाई म्हनून ह्या मानसाले ठेवाचं कुठी?"

मी म्हटलं, उद्या पहिल्या बसने मी ह्यांना नागपूरला नेते. तुम्ही आला तर बरं, नाही आला तर आपाचा नवरा येईल. माघार घेतली नाही. तांब्या उचलून मी उरलेलं पाणी अंगणात फेकलं ते मामाजींच्या धोतरावर उडालं. सकाळी बघते तर मामाजी धोतर बदलून, पिशवी घेऊन, माझ्या आधी स्टँडवर उभे. मान्य केलं म्हणून आले नव्हते. पोराला पागल लिहून देतील तेव्हा हजर असावं, म्हणून आले होते.

बल्लारशा, चंद्रपूर, मग नागपूर. हे खिडकीशी बसले होते. हॉस्पिटलच्या फाटकाशी माझेच पाय अडखळले. लोक जाता येता आमच्याकडे बघतात असं मला वाटलं, आणि मग माझं मलाच हसू आलं, की आता मलाही. व्हरांड्यात आमच्यासारखीच माणसं होती. कुणी गोंदियाकडची, कुणी वर्धेची. एका म्हातारीने आपल्या लेकीचा हात साडीच्या पदराने स्वतःच्या हाताला बांधला होता. मला तिथे बसल्यावर उलट धीर आला.

डॉक्टर मध्यमवयीन होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी आधी मला विचारलं. झोप कशी, आंघोळ, कामात लक्ष, हसणं, संशय, किती दिवसांपासून. मी सांगत गेले आणि ते प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होते, जणू त्यांनी आमचं घर बघितलं होतं. मग त्यांनी मामाजींना विचारलं, घराण्यात आधी कुणाला असं काही? मामाजी फटकन म्हणाले, नाही. मग ते ऑफिसातल्या छळाचं सांगू लागले. डॉक्टरांनी अडवलं नाही. कपाचंही ऐकलं. म्हणाले, हे झालं असेल आणि ते वाईटच आहे. पण मला त्यांच्याशी जरा बोलू द्या. आणि ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

खोलीत आम्ही चौघेच होतो. पंखा बंद होता. डॉक्टर ह्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. मग विचारलं, "आत्ता, या वेळी, काही ऐकू येतंय?"

ह्यांनी होकारार्थी मान हलवली.

"कुऱ्हाड?"

"कुऱ्हाड हाये. आन् बोलूनबी राह्यले."

"कोण?"

हे खाली फरशीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते बाबूचं नाव घेणार, नाहीतर साहेबाचं.

"बाबा."

डॉक्टरांनी मामाजींकडे बघितलंही नाही. तसंच हळू विचारलं, "काय म्हणतात बाबा?"

"म्हन्ते, तू काऊन जिता हायेस."

मामाजी माझ्या शेजारच्या बाकावर होते. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले, जणू आतून खरंच काही बाहेर पडेल. आयुष्यभर त्यांचा एकच नियम होता, की आवाज आला म्हणजे कुणीतरी बोललं. खाणीतल्यांनी शंभर वेळा नाही म्हटलं तरी त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. आणि आता जो बोलला म्हणून पोरगा सांगत होता तो माणूस ते स्वतःच होते. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर ते मरेपर्यंत भांडले असते. पण आपलं तोंड बंद होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी तं तोंडच उघडलं नाई, साहेब," ते म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "पोरा, मी नाई बोललो. मी नाई रे बोललो."

हे म्हणाले, आतासुद्धा बोलून राह्यले. आणि मामाजी ढसाढसा रडायला लागले. खाणीतला माणूस, मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनीच डॉक्टरांना म्हटलं, मघाचं खोटं बोललो. माझी माय अशीच होती. तिलाही कुणीतरी बोलतं असं वाटायचं, आणि गावाने तिला मिरच्यांची धुरी दिली, केस धरून फिरवलं. त्यातच ती गेली. देव नदीत सोडताना त्यांच्या मनात तीच होती. पोराला कुणी काही लागलंय म्हणू नये, म्हणून ते भिंतीसारखे उभे राहिले होते. मी त्यांच्यावर किती चिडले होते! त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मामाजींनी दोनदा म्हणून बघितलं, जमलं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा आजार आहे. ह्यांना आवाज खरोखर ऐकू येतो, ते ढोंग करत नाहीत, आणि बोलणारा कुणी नसतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे घरच्यांना समजणं सगळ्यात कठीण. औषध लांब चालेल, कदाचित कायम. लवकर आलात. मामाजींनी विचारलं, कुणाच्या चुकीने झालं? डॉक्टर म्हणाले, कुणाच्याच नाही. लवकर आलात हे ऐकून मला आपाच्या चहाची आठवण झाली आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की घरी गेल्यावर आधी तिच्याकडे जायचं.

ह्यांना काही आठवडे तिथे ठेवलं. गोळ्यांनी आधी अंग कडक झालं, हात थरथरायचे, तोंडातून लाळ यायची. मी डॉक्टरांशी भांडलेसुद्धा, म्हटलं, माणूस आणला होता, तुम्ही लाकूड करून देताय. त्यांनी त्यावर दुसरी गोळी दिली, डोस कमी केला. हळूहळू खांदा हलायचा थांबला. एक दिवस हे मला म्हणाले, तू आधी जेवू नको, सोबत जेवू. बस, त्या दिवशी मी खरी जेवले.

बीट सुटलं. साहेबाने शब्द टाकून डेपोत काम दिलं, लाकडाच्या थप्प्यांवर नजर ठेवायचं, माणसांत राहायचं. आवाज पूर्ण गेले नाहीत, बारीक झाले. मामाजी आमच्याकडेच राहायला आले. नागपूरहून परतताना बसमध्येच त्यांनी एक गोष्ट सुरू केली होती. ह्यांच्याशी बोलायचं झालं की आधी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचे, मग बोलायचे. पाणी दे म्हणायचं असलं तरी. ह्यांना समजावून सांगितलं होतं, "हात ठेवला तं मी. हात नाई तं मी नाई, कोनी काहीबी म्हनो." मला आधी ते बघून हसू यायचं. जेवताना दोन वाक्यं बोलायला चार वेळा उठायचे म्हातारे. गुडघे दुखायला लागले तरी उठायचे. दुसऱ्या खोलीतून हाक म्हणून कधी मारली नाही.

पुढे काही वर्षांनी मामाजी गेले. खाणीतली धूळ छातीत होतीच. हे सगळ्या विधींत सरळ उभे राहिले, माणसं आली गेली, ह्यांच्या डोळ्यांत पाणी नाही. लोक एकमेकांकडे बघत होते, आणि मी आतून धसकले होते की पुन्हा सुरू होतंय का. गोळ्या मी स्वतः हातावर देत होते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेच्या दिवशी दुपारी पाहुणे जेवून ओसरीवर बसले होते आणि हे आत भिंतीशी एकटे बसलेले दिसले. मी जवळ जाऊन बसले.

"बाबा बोलून राह्यले," हे म्हणाले.

मी विचारलं, काय म्हणतात?

हे स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग त्यावरून एकदा तळहात फिरवला.

"पन हात नाई ठेवला," म्हणाले, आणि रडायला लागले.